इंजिन चालू झाले म्हणजे ते तापले असे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्यावसायिक वैमानिक होण्यासाठी अमेरिकेत आणि कॅनडात शिकायला जाणाऱ्या मराठी मुलामुलींच्या घरी फी, कर्ज, व्हिसा आणि परत आल्यावर भारतीय परवाना मिळवण्याची खटपट यांवर महिनोन्‌महिने चर्चा चालते. थंडीचा विषय निघतो तो जाड जॅकेट आणि बुटांपुरता. पण थंडी विमानाच्या इंजिनालाही बाधते, आणि कशी बाधते हे ठाऊक नसेल तर नुकसान फार मोठे होते. लहान पिस्टन इंजिनांची देखभाल आणि उड्डाणाचे शिक्षण ही आमची रोजची कामे आहेत. पत्र लांबले आहे, पण हा विषयच तपशिलाचा आहे.

बारामतीला, गोंदियाला किंवा नागपूरला जानेवारीत पहाटे विमान बाहेर काढले तर इंजिन गार असते, पण ते गारपण फार तर आठ-दहा अंशांचे. तिथे हाताला एक सवय लागते: किल्ली फिरवली, इंजिन चालू झाले, ऑइल प्रेशर आले, निघालो. हीच सवय घेऊन विद्यार्थी मिनेसोटा, नॉर्थ डकोटा किंवा मॅनिटोबात पोचला, तरी शाळेच्या तळावर त्याचे काही अडत नाही. तिथे विमान उबदार हँगरमध्ये असते, नाहीतर रात्रभर विजेच्या हीटरला जोडलेले असते. अडते ते लांबच्या उड्डाणात. परवान्यासाठी किमान ३०० सागरी मैलांचे उड्डाण दुसऱ्या विमानतळांवर उतरत पुरे करावे लागते. वाटेत हवा बिघडली की मुक्काम अनोळखी गावात पडतो. सकाळी समोर असते उणे २० अंशांत रात्रभर उघड्यावर उभे राहिलेले इंजिन, आणि शेजारी शिक्षक नसतो.

आधी आकडे सांगतो. विमानांची इंजिने बनवणाऱ्या लायकॉमिंग कंपनीच्या सूचनेनुसार इंजिन १० अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे १२ सेल्सिअसच्या खाली गेले असेल तर ते आधी तापवल्याशिवाय चालू करायचे नाही. या कंपनीच्या काही इंजिनांसाठी ही मर्यादा २० फॅरनहाइट आहे. १९७७ ते १९८० सालच्या सेस्ना १७२ एन विमानांतले ओ-३२०-एच२एडी हे त्यांपैकीच एक. काँटिनेंटल या दुसऱ्या कंपनीची इंजिने जुन्या सेस्ना १५० मध्ये आणि डायमंड डीए-२० मध्ये असतात. ती २० फॅरनहाइट, म्हणजे उणे ७ सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात दोन तास उभी राहिली की तापवणे आवश्यक होते. इथे भारतीय विद्यार्थ्याची हमखास गल्लत होते. विमानाच्या पुस्तकात मर्यादा बहुधा फॅरनहाइटमध्ये असते, विमानतळाचा हवामान अहवाल सेल्सिअसमध्ये येतो, आणि त्यात ‘एम१२’ असे लिहिले असेल तर तो उणे १२ असतो. दोन्ही आकडे एकाच मापात आणून, कागदावर शेजारी शेजारी लिहूनच निर्णय घ्यावा. आमचा स्वतःचा नियम कंपन्यांपेक्षा कडक आहे. पारा रात्रभर शून्याखाली राहिला असेल तर इंजिन तापवायचेच. वाऱ्याने इंजिन हवेपेक्षा जास्त थंड होत नाही, पण लवकर मात्र होते.

आता हे का करायचे ते. थंडीत ऑइल घट्ट होते म्हणून इंजिन तापवायचे, एवढेच बहुतेकांना माहीत असते. हिवाळ्यात घरातली खोबरेल तेलाची बाटली गोठते, ती उन्हात ठेवली की पातळ होते, तसेच काहीसे. हे खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे कळण्यासाठी बैलगाडीचे चाक आठवावे. लोहार लोखंडी धाव तापवून लाल करतो, फुगलेली धाव लाकडी चाकावर सहज चढते, आणि गार झाली की चाकाला अशी आवळते की वर्षानुवर्षे निघत नाही. विमानाच्या इंजिनात क्रँककेस ॲल्युमिनियमची असते आणि तिच्या पोटात फिरणारी क्रँकशाफ्ट पोलादाची. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसते. त्यामुळे थंडीत क्रँककेस ही धाव होते आणि क्रँकशाफ्ट हे चाक.

किती आवळते तेही काढता येते. क्रँकशाफ्टचा बेअरिंगमधला व्यास साधारण ६० मिलिमीटर धरू. तापमान २० अंशांवरून उणे २० वर आले, म्हणजे ४० अंशांनी उतरले, की दोन्ही धातूंच्या आकसण्यात सुमारे ०.०२७ मिलिमीटरचा फरक पडतो. नव्याने जुळवलेल्या घट्ट इंजिनात बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामधली फट ०.०४ मिलिमीटरइतकीच असू शकते. म्हणजे ऑइलला शिरायला जी जागा ठेवलेली असते तिचा दोन तृतीयांश भाग गेला. उरलेल्या फटीत शिरायचे ते काकवीसारखे दाट झालेले ऑइल! स्टार्टर फिरला की पहिले काही सेकंद धातू धातूवर घासतो. वर सिलिंडरमध्ये याच्या उलट घडते. ॲल्युमिनियमचा पिस्टन ज्वलनाच्या उष्णतेने लगेच तापतो आणि फुगतो, पण सिलिंडरची पोलादी भिंत बाहेरून गोठलेलीच असते. फुगणारा पिस्टन आणि अजून न फुगलेला सिलिंडर एकमेकांना खरवडतात. लायकॉमिंगमध्ये आणखी एक अडचण आहे. झडपा उघडणारी कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असते आणि तिला ऑइल मिळते ते मुख्यतः खालून उडणाऱ्या शिंतोड्यांतून. ऑइल दाट असेल तर शिंतोडे वर पोचायला वेळ लागतो, आणि तोवर कॅमचे उंचवटे कोरडेच झिजतात.

यातले काहीही त्या दिवशी दिसत नाही. इंजिन चालू होते, आवाज ठीक असतो, उड्डाण होते. पुढे कधीतरी ऑइल फिल्टर कापून पाहताना त्याच्या घड्यांत धातूची चमकणारी कुसळे सापडतात. तोवर ते विमान पन्नास विद्यार्थ्यांनी चालवलेले असते आणि कोणत्या सकाळी काय झाले हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ‘काल तर न तापवताच चालू झालं’ या वाक्याला आमच्या लेखी काहीच किंमत नाही.

मल्टिग्रेड ऑइल, म्हणजे १५डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-५०, थंडीत एकेरी ग्रेडपेक्षा पुष्कळ पातळ राहते. हिवाळ्यात प्रवास करणाऱ्या विमानात तेच असावे. उन्हाळ्यात भरलेले डब्ल्यू-१०० हे एकेरी ग्रेडचे ऑइल तसेच राहून गेले असेल तर निघण्याआधी बदलून घ्यावे. पण ऑइल कितीही चांगले असले तरी क्रँककेसचे आकसणे त्याने थांबत नाही. तापवायचे असते ते अख्खे इंजिन.

त्याला उष्णता किती लागते? चार सिलिंडरचे इंजिन साधारण १२० ते १३० किलोचे असते. ते ४० अंशांनी तापवायला सुमारे एक किलोवॅट-तास लागतो, म्हणजे आपल्या घरच्या मीटरवरचे एक युनिट. हे एक युनिट लक्षात ठेवले की बाकीचा हिशेब तोंडी होतो. ३०० वॅटच्या हीटरला, उष्णता अजिबात वाया गेली नाही तरी, तीन तासांहून जास्त वेळ लागेल. प्रत्यक्षात काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या कवचाच्या, फटींतून ती सतत निसटत असते, म्हणून पाच-सहा तास धरावेत. गरम हवेचा मोठा झोत हेच काम अर्ध्या-पाऊण तासात करतो. दहा मिनिटांत इंजिन तापवून देतो असे कोणी म्हणाले तर तो फक्त वरची साल तापवणार आहे.

विजेच्या हीटरचे दोन प्रकार प्रचलित आहेत. पहिला म्हणजे ऑइल संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, तळाला चिकटवलेली रबरी चकती. ती स्वस्त आहे आणि पुष्कळ विमानांवर दिसते. दुसरा म्हणजे संपबरोबरच प्रत्येक सिलिंडरला उष्णता देणारा संच. टॅनिस आणि रीफ ही त्यातली ठाऊक नावे. दुसरा निःसंशय चांगला. पण पहिल्यावरही काम भागते, अट एकच: काउलिंगवर जाड गोधडीसारखे आवरण घट्ट बांधलेले असले पाहिजे आणि पुढची हवेची दोन्ही तोंडे बोळ्यांनी बंद असली पाहिजेत. आवरण नसेल तर खाली ऑइल कढत आणि वर सिलिंडर बर्फासारखे, अशी स्थिती राहते. गेजवर ऑइलचे तापमान छान दिसते आणि माणूस फसतो. शिवाय तापलेल्या ऑइलमधून निघालेली वाफ वरच्या गार भागांवर दवासारखी जमते आणि कॅमशाफ्टला गंज चढवते. याच कारणासाठी काँटिनेंटल इंजिनावर बसवलेला हीटर उड्डाणाआधी २४ तासांपेक्षा जास्त वेळ चालू ठेवू नये असे सांगते. आठवडाभर तार जोडून विमान सोडून देण्याची पद्धत सोयीची आहे, पण चुकीची आहे. आदल्या संध्याकाळी जोडावे, नाहीतर मोबाइलवरून चालू करता येणारा स्विच लावून मध्यरात्रीनंतर चालू करावे.

गरम हवेचा झोत देणाऱ्या यंत्रांत प्रोपेन गॅसचे लहान हीटर आणि केरोसीन किंवा डिझेलचे मोठे हीटर असतात. मोठी यंत्रे विमानतळावरचे कर्मचारी चालवतात, तरी आपण शेजारी उभे राहायचेच. हीटर पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, कक्षेबाहेर ठेवावा. आधी इंजिनाखाली बर्फावर पेट्रोलचा निळा डाग नाही ना हे पाहावे, हातात अग्निशामक असावा, आणि झोत चालू असताना एक मिनिटही दूर जाऊ नये. नळाचे तोंड काउलिंगच्या खालच्या उघडीतून वर वळवावे, म्हणजे गरम हवा ऑइल संप, ऑइल कूलर, बाहेरच्या ऑइलच्या नळ्या आणि सिलिंडर अशी चढत जाते. वर गोधडी हवीच. नळाचे तोंड रबरी होज, इग्निशनच्या तारा किंवा फायबरच्या काउलिंगला थेट भिडवू नये. रंग फुगतो, होज कडक होऊन पुढे तडकते. ५ ते १० मिनिटे झोत द्यावा, थांबावे, हात लावून पाहावे, पुन्हा द्यावा. झोत थांबल्यावर दोन मिनिटांत धातू परत थंडगार लागला तर उष्णता अजून आत मुरलेली नाही.

मुरली की नाही हे कळायची सर्वांत विश्वासू जागा म्हणजे पंख्याचा मधला भाग. किल्ली काढून डॅशबोर्डवर दिसेल अशी ठेवायची, मग स्पिनरच्या, म्हणजे पंख्यापुढच्या टोपीच्या, मागे, जिथे पंखा क्रँकशाफ्टला जोडलेला असतो, तिथे हातमोजा काढून बोटे टेकवायची. तिथवर कोणताही हीटर पोचत नाही. तिथे येणारी ऊब क्रँकशाफ्टमधूनच आलेली असते. बोटाला धातू बोचण्याऐवजी कोमट लागला तर आतली शाफ्ट आणि बेअरिंगे तापली आहेत असे समजावे. हँगरमध्ये ठेवलेल्या इन्फ्रारेड थर्मामीटरपेक्षा या कसोटीवर आमचा जास्त भरवसा आहे. एवढे मात्र ध्यानात असू द्या, की मॅग्नेटोची, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राची, अर्थिंगची तार तुटलेली असेल तर किल्ली काढलेली असूनही पंखा हाताने फिरवताच इंजिन पेटते आणि तो अचानक फिरतो. बोटे टेकवताना पंखा फिरवायचा नाही, आणि पात्यांच्या वाटेत अंग आणायचे नाही.

घरगुती उपायांविषयी सतत विचारले जाते, म्हणून सांगतो. गाडी किंवा खोली गरम करायचा सिरॅमिक हीटर काउलिंगच्या तोंडात ठेवून झोपायला जाणे, हे आम्ही कधीच सुचवणार नाही. तो तिथे ठेवण्यासाठी बनवलेला नसतो आणि त्याच्या आसपास पेट्रोलच्या नळ्या असतात. केस वाळवायचे १५०० वॅटचे यंत्र अडीअडचणीला चालते, पण ते हातात धरून, गोधडीखाली, तास-दीड तास. अलास्का आणि उत्तर कॅनडातले जुने वैमानिक उड्डाण संपताच गरम ऑइल डब्यात काढून घेत, रात्रभर झोपडीतल्या शेगडीजवळ ठेवत, आणि सकाळी कॅनव्हासच्या तंबूत इंजिनाखाली स्टो पेटवून, मग ते ऑइल परत ओतत. आग लागून विमाने गेलीही. आज तशी वेळ कुणावर येऊ नये, पण त्यांनी ऑइल आणि इंजिन दोन्ही तापवले, फक्त ऑइलवर भागवले नाही, हे पाहण्यासारखे आहे.

प्रवासाला निघताना इंधनाचा हिशेब जसा आधी करतो, तसाच उष्णतेचा करावा. मुक्कामाच्या विमानतळावर आदल्या दिवशी फोन करून विचारावे: रात्री गरम हँगरमध्ये जागा मिळेल का? नसेल तर जिथे विमान बांधायचे तिथे विजेचा सॉकेट आहे का, आणि तो रात्री चालू असतो का? गरम हवेचे यंत्र आहे का, ते कोणत्या इंधनाचे, आणि सकाळी सहाला ते चालवायला माणूस असेल का? शुल्क किती? शेवटचा माणूस संध्याकाळी पाचला घरी जाणारा विमानतळ असेल तर ‘यंत्र आहे’ या उत्तराचा उपयोग नाही. या उत्तरांवरून मुक्कामाचे गाव बदलावे लागले तर बदलावे. वीस मैल वाकडी वाट परवडते.

सामानात इंजिनाची गोधडी, तोंडाचे बोळे, १२ गेजची १५ मीटर लांब एक्स्टेन्शन केबल आणि एक छोटा झीरोचा दिवा हवा. हे सगळे मिळून काही किलो भरते. त्याचे वजन तोलाच्या हिशेबात लिहायचे. केबलच्या जाडीवर थोडे थांबतो, कारण इथे पुष्कळ जण काटकसर करतात. तिकडे वीज १२० व्होल्टची, म्हणून त्याच वॅटला आपल्यापेक्षा जवळपास दुप्पट करंट लागतो. १५०० वॅटचा हीटर साडेबारा अँपिअर खेचतो. १०० फूट लांब, १६ गेजच्या बारीक केबलमध्ये जाऊन-येऊन सुमारे ०.८ ओहम रोध असतो. म्हणजे दहा व्होल्ट वाटेतच गळतात आणि सव्वाशे वॅट उष्णता इंजिनाऐवजी केबलला मिळते. ती केबल गुंडाळलेली असेल तर वितळते. १२ गेजमध्ये हीच गळती चार व्होल्टवर येते. केबल पूर्ण उलगडावी आणि जोड बर्फावर पडू न देता उंच बांधावा. ओल शिरली की उघड्यावरचा सुरक्षा-सॉकेट स्वतः बंद पडतो. केबिन ऊबदार राहावी म्हणून दुसरा हीटरही त्याच सॉकेटवर लावला, तर १५ अँपिअरचा ब्रेकर रात्री केव्हातरी उडतो आणि सकाळी सगळे गार. झीरोचा दिवा याचसाठी. तो हीटरच्या जोडावरच लावून ठेवला की वीज आहे की गेली हे कुंपणाबाहेरूनही दिसते.

प्रोपेनची टाकी किंवा पेट्रोलवरचा जनरेटर विमानात बरोबर नेणारे लोक आहेत. आमचे मत विरुद्ध आहे. गळतीचा वास बंद केबिनमध्ये साडेतीन हजार फुटांवर आला तर करणार काय? शिवाय प्रोपेन उणे ४२ अंशांला उकळतो. पारा उणे ३० च्या आसपास गेला की टाकीतला दाब इतका उतरतो की ज्योत मरगळते. ब्युटेनमिश्रित लहान डबे तर शून्याच्या जवळच हात टेकतात.

दुपारच्या जेवणासाठी थांबायचे असेल तर काही तापवावे लागत नाही, फक्त उष्णता जाऊ द्यायची नसते. इंजिन बंद होताच, प्रवासी उतरायच्या आधी, बोळे आणि गोधडी चढवावी. पंधरा मिनिटे गप्पांत गेली तर तेवढ्यात पुष्कळ ऊब निघून जाते. दीड-दोन तासांचा थांबा आवरणावर निभतो. चार तास झाले तर पंख्याच्या मध्याला हात लावून ठरवावे.

गरम हँगर हा सगळ्यांत उत्तम उपाय, पण विमान त्यातून बाहेर काढताना चूक होते. बर्फ पडत असताना ऊबदार पंख बाहेर आले की पडलेला भुसभुशीत बर्फ वितळतो आणि काही मिनिटांत काचेसारखा गोठतो; बिजागऱ्यांत आणि ब्रेकमध्ये गेलेले पाणीही गोठते. इंधन भरणे, सामान, प्रवासी, सगळे आत उरकून मगच दरवाजा उघडावा. पंखावर नुसता दहिवराचा खरखरीत थर असला तरी उडायचे नाही.

इंजिन तापले तरी बॅटरी गारच असते. उणे १८ अंशांत शिसे-आम्लाच्या बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते, आणि उतरलेली बॅटरी गोठून फुटूही शकते. मुक्कामात ती काढून खोलीवर नेता आली तर न्यावी. ऋण तार आधी सोडायची, जोडताना शेवटी.

प्रायमरचे, म्हणजे सुरुवातीला इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या हातपंपाचे, झटके विमानाच्या पुस्तकात सांगितले असतील तेवढेच. जास्त पेट्रोल दिले तर ते सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन टाकते आणि उरलेले खाली एअर बॉक्समध्ये ठिबकते. त्यानंतर प्रायमर पूर्ण आत ढकलून, फिरवून अडकवायचा, नाहीतर चालू इंजिन त्यातून पेट्रोल ओढत राहते. थ्रॉटल मागेपुढे पंप करण्याची सवय इथे घातक आहे. कार्ब्युरेटर खाली असतो आणि उडवलेले पेट्रोल खालीच पडते. इंजिनाने उलटा भडका मारला आणि आग लागली तर स्टार्टर सोडायचा नाही, फिरवत राहायचे, म्हणजे ज्वाळा आत ओढल्या जातात. इंजिन चालू झालेच नाही तर मिक्स्चर (पेट्रोलचा पुरवठा) बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि तरीही फिरवणे चालू. ही क्रिया बसल्या जागी, डोळे मिटून पाठ असली पाहिजे.

दहा सेकंद फिरवून इंजिन चालू न झाल्यास मिनिटभर थांबावे. एकदा फुरफुरून बंद पडले आणि पुन्हा काहीच हालचाल नाही, असे झाले तर बहुधा स्पार्क प्लगवर बर्फ धरलेला असतो: त्या एका क्षणाच्या ज्वलनातून निघालेली वाफ प्लगच्या टोकांवर गोठते. मग कितीही किल्ली फिरवा, ठिणगी पडत नाही. बॅटरी संपवू नये. परत तापवावे, किंवा मेकॅनिककडून वरचे प्लग काढून गरम करून घ्यावेत.

चालू झाल्यावर नजर ऑइल प्रेशरवर. ३० सेकंदांत, कडक थंडीत फार तर मिनिटभरात, काटा हलला नाही तर इंजिन बंद. इंजिनाचे फेरे मिनिटाला १००० च्या वर नेऊ नयेत. दोन ते पाच मिनिटांनी थ्रॉटल हळूहळू वाढवून पाहावा. इंजिन न अडखळता चढले आणि प्रेशर स्थिर राहिले तर ते तयार आहे. कडाक्याच्या थंडीत ऑइलच्या तापमानाचा काटा उड्डाणापर्यंत हलतही नाही. पण रोटॅक्स ९१२ हे इंजिन असेल तर ऑइल ५० अंशांवर येईपर्यंत थांबावेच लागते.

एक बारीक गोष्ट फार जणांकडून राहते. क्रँककेसमधली वाफ बाहेर टाकणारी ब्रीदरची नळी काउलिंगखाली उघडी असते. तिच्या तोंडाशी ही वाफ गोठून बुच बसते. मग आतला दाब वाढतो, पंख्यामागचे ऑइल सील बाहेर ढकलले जाते आणि हवेतच ऑइल रिकामे होते. नळीला वरच्या, उबेच्या भागात एक आपत्कालीन चीर ठेवलेली असते. ती आहे ना आणि मोकळी आहे ना, हे प्रत्येक उड्डाणाआधी वाकून, बोट लावून पाहावे. थंडीतला दुसरा धोका केबिन हीटरचा. तो एक्झॉस्टच्या मफलरवरून उष्णता घेतो, मफलर तडकलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो. इशारा देणारे छोटे यंत्र खिशात असावे.

महाराष्ट्रातल्या उड्डाण संस्थांना आमची विनंती आहे की परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्गात यावर किमान एक तास द्यावा. यंत्र लागत नाही, फळा आणि लोहाराची धाव पुरते. पालकांनी फी भरण्याआधी त्या शाळेला तीन प्रश्न लेखी विचारावेत: कोणत्या तापमानाखाली न तापवता इंजिन चालू करायला तुमच्याकडे मनाई आहे, प्रत्येक विमानात गोधडी आणि केबल असते का, आणि बाहेरगावी थंडीमुळे इंजिन चालू करता आले नाही तर त्या रात्रीच्या मुक्कामाचा आणि हँगरचा खर्च कोण देणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘विद्यार्थी’ असे आले, तर तेवढे पैसे पहिल्या दिवसापासून त्याच्याजवळ वेगळे ठेवावेत.

आपले,
विमान देखभाल आणि उड्डाण प्रशिक्षणात काम करणारे दोन मराठी वाचक,
मिनेसोटा, अमेरिका